पानाचे प्रमाणभूत क्षेत्र

मोठा दस्तऐवज कापून त्याचे लहान तुकडे करणे, हे माझे पोटापाण्याचे काम आहे. कोरेगाव भीमात कुणी विचारले तर मी ‘कंपन्यांची मॅन्युअल लिहितो’ एवढेच सांगतो. शेजारी सणसवाडीचे कारखाने असल्यामुळे मॅन्युअल म्हणजे काय हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: यंत्राबरोबर येते, कपाटात पडून राहते आणि यंत्र बंद पडल्यावर सापडत नाही ते पुस्तक. मी लिहितो ती मॅन्युअल मात्र ब्लॉकचेन नेटवर्कची असतात. ब्लॉकचेन म्हणजे एकच खातेवही, जिची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. तिच्यात नवी नोंद नेटवर्कच्या सहमतीने चढते आणि चढलेली नोंद खोडता येत नाही. हे सगळे चालते कसे, त्यात सामील व्हायचे कसे, पैसे पाठवायचे कसे, याची माहिती देणाऱ्या पानांना आमच्या धंद्यात ‘डॉक्स’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका नेटवर्कची डॉक्स माझ्याकडे आली. एकच अखंड मजकूर, छापला असता तर चारेकशे पाने भरला असता. त्याचे मॉड्यूल पाडायचे होते. त्यामागची कारणे खरी होती. वाचक सर्चमधून थेट मधल्या पानावर येतो. पहिल्यापासून कुणीच वाचत नाही. एक आज्ञा बदलली की सगळा मजकूर तपासावा लागतो. चार लेखक एकाच फायलीवर काम करू शकत नाहीत. म्हणून ‘एक विषय, एक पान’ हे सूत्र धरून मी कापाकापी केली. प्रत्येक गोष्ट एकदाच लिहायची, बाकीच्या ठिकाणी तिची लिंक द्यायची. काम संपले तेव्हा दीडशेच्या वर लहान, नेटकी पाने तयार झाली होती. मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

तीन-चार महिन्यांनी एका माणसाचे पैसे गेले. तो त्या नेटवर्कवर व्हॅलिडेटर चालवत होता, म्हणजे स्वतःची रक्कम तारण ठेवून नोंदी तपासण्याचे काम करत होता. त्याला सर्व्हर बदलायचा होता. सर्चमधून तो ‘सर्व्हर कसा बदलावा’ या माझ्या पानावर आला आणि पानावरच्या सगळ्या पायऱ्या त्याने बिनचूक पाळल्या. जुना सर्व्हर आधी पूर्ण बंद करायचा, एकच किल्ली दोन यंत्रांवर क्षणभरही चालू ठेवायची नाही, नाहीतर नेटवर्क त्याला दुहेरी सही समजून दंड करते, ही गोष्ट त्या पानावर नव्हती. मूळ मजकुरात ती याच पायऱ्यांच्या वरच्या परिच्छेदात होती. मी ती ‘सुरक्षा’ या मॉड्यूलमध्ये नेली होती, कारण तिचा विषय सुरक्षा होता. खाली लिंक दिलेली होती. दंड झाला. तो परत फिरवणारा अधिकारी ब्लॉकचेनमध्ये नसतो. तीच तर तिची ख्याती. त्याचे पत्र मी वाचले. त्यात राग नव्हता, एकच प्रश्न होता: हे मला कुठे वाचायला मिळाले असते?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी डॉक्सकडे मजकूर म्हणून पाहायला लागलो. कविता-कादंबऱ्यांची समीक्षा होते, भाषणांची होते, जाहिरातींचीही होते. डॉक्सची होत नाही, कारण ती कुणी लिहिली आहेत असे वाटतच नाही. पण मजकूर कुठे कापायचा हा निर्णय लेखकाचा असतो आणि त्याचा परिणाम वाचकावर होतो.

ब्लॉकचेनचा पहिला दस्तऐवज कापायची गरजच नव्हती. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेला बिटकॉइनचा प्रबंध नऊ पानांचा आहे. त्याची बारा लहान प्रकरणे एकमेकांना टेकून उभी आहेत: आधी अडचण, मग उपाय, मग उपाय फसण्याची शक्यता किती याचे गणित. एका बैठकीत वाचून होतो आणि वाचून झाल्यावर कोणता भाग कशासाठी आहे हे लक्षात राहते. २०१४ मध्ये गॅव्हिन वुड यांनी इथेरियमचा ‘यलो पेपर’ लिहिला तेव्हा हे बदलले. तो अचूक आहे, सलग आहे आणि गणिती चिन्हांनी इतका भरलेला आहे की इथेरियम वापरणाऱ्यांपैकी फार थोडे त्याच्या वाटेला जातात. तेव्हा सलग असणे हा काही आपोआप गुण नव्हे. अखंड ठेवलेला दस्तऐवजही वाचकाला बाहेर उभा करू शकतो.

आपल्याकडचे उदाहरण पॉलिगॉनचे. २०१७ मध्ये मुंबईत ‘मॅटिक’ या नावाने सुरू झालेले हे नेटवर्क जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी उभे केले. २०२१ मध्ये त्याचे नाव पॉलिगॉन झाले. त्याच्या मुख्य साखळीचे दोन भाग आहेत, बोर आणि हेमडॉल. नावे नॉर्स पुराणकथांतली. बोर व्यवहारांचे ब्लॉक बनवते, हेमडॉल त्यांचा गोषवारा ‘चेकपॉइंट’ म्हणून इथेरियमवर पोहोचवते. डॉक्समध्येही या दोघांची वेगवेगळी दालने आहेत. बनवणाऱ्याच्या डोक्यात यंत्र जसे विभागलेले आहे तसाच मजकूर विभागला जातो, आणि या क्षेत्रात बहुतेक सगळीकडे असेच होते. पण पैसे पॉलिगॉनवरून इथेरियमवर परत नेऊ पाहणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: माझे पैसे अजून का दिसत नाहीत? उत्तर असे की बोरवरचा व्यवहार हेमडॉलच्या चेकपॉइंटमधून इथेरियमवर पोहोचेपर्यंत थांबावे लागते. हे उत्तर दोन दालनांच्या मधल्या भिंतीत आहे. रचनेप्रमाणे कापलेल्या मजकुरात वाचकाचा प्रश्न बरोबर कापाच्या रेषेवर येऊन पडतो.

पॉलिगॉनच्या चाचणी नेटवर्कचे नाव ‘मुंबई’ होते. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झाले आणि त्याची जागा ‘अमॉय’ने घेतली. जे एका ठिकाणी लिहिले होते ते एका दिवसात बदलता आले. एकदाच लिहा या सूत्राचा हा खरा फायदा आणि तो मी नाकारत नाही. पण शिकवणीचे लेख, व्हिडिओ, कुणीकुणी उतरवून घेतलेल्या पायऱ्या अशी शेकडो सुटी पाने बाहेर फिरत होती. त्यांत ‘मुंबईला जोडा’ असेच राहिले. सुट्या पानाला आपण जुने झालो हे कळत नाही.

मग तुकडे करूनही वाचकाला वाट सापडेल अशी कोणती व्यवस्था असते? मला ती ऑफिसात सापडली नाही. घरच्या जमिनीच्या कागदांत सापडली.

आजोबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी आमच्या गटाचा सातबारा नीट वाचला. त्यावर वडिलांचे आणि चुलत्यांचे नाव होते, आत्याचे नव्हते. मी चिडून चुलत्यांकडे गेलो. ते म्हणाले, “सातबारा बघून भांडू नको, फेरफार काढ.” सातबाऱ्यावर नावापुढे वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाने नोंदवही उघडली तर ते नाव तिथे का आले हे कळते. फेरफार काढला. एका नोंदीत आजोबांचे वारस म्हणून तिघांचीही नावे लागली होती. पुढच्या नोंदीत आत्याने नोंदणीकृत हक्कसोडपत्राने आपला हिस्सा भावांना सोडला होता.

तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुने म्हणजे एका गावाची डॉक्स आहेत. अँडरसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅन्युअलने इंग्रजी अमदानीत त्यांना घडी घालून दिली. आज ते महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालच्या नियमांनुसार चालतात. नमुने एक ते एकवीस. एकमध्ये जमिनीचे क्षेत्र आणि आकार, सहामध्ये फेरफार, सहा-अमध्ये विवादग्रस्त प्रकरणे, सहा-कमध्ये वारस, सातमध्ये हक्क, आठ-अमध्ये एका खातेदाराची सगळी जमीन, बारामध्ये पिके, एकवीसमध्ये तलाठ्याची दैनंदिनी. सातबारा ही स्वतंत्र वही नव्हेच; सात आणि बारा हे दोन नमुने एका कागदावर आणले, कारण शेतकऱ्याला जमीन कुणाची आणि त्यात काय पिकते हे एकत्र लागते. आठ-असुद्धा नवी माहिती देत नाही. सातमधलीच माहिती गटाऐवजी माणसाप्रमाणे लावते. म्हणजे या रचनेत तीच गोष्ट दोनदा लिहायला कुणी लाजलेले नाही. वाचक गट घेऊन येतो तसा नाव घेऊनही येतो, हे ती रचना करणाऱ्याला माहीत होते.

आणि प्रत्येक तुकड्यावर त्याच्या कारणाचा क्रमांक. इथेरियममध्ये सुधारणांच्या प्रस्तावांना असेच क्रमांक असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये व्यवहाराच्या शुल्काची पद्धत बदलणारा प्रस्ताव १५५९ घ्या. त्याच्या माथ्यावर तो २७१८ आणि २९३० या प्रस्तावांवर अवलंबून आहे असे स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्येक प्रस्ताव मसुदा आहे, अंतिम आहे की मागे घेतला आहे हेही तिथेच असते. ब्लॉकचेनच्या साऱ्या लेखनात मला हा भाग सर्वांत शहाणा वाटतो. त्यात वर्तुळातला आकडा आहे. वापरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या डॉक्समध्ये मात्र तो गळतो. तिथे खाली ‘हेही वाचा’ असते. ‘हेही वाचा’ आणि ‘हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका’ यांतला फरक त्या व्हॅलिडेटरला पैसे मोजून कळला.

तुकड्याचा आकार किती असावा, यावरही आपल्याकडे विचार झालेला आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ही कल्पना आणली: ज्याच्याखाली जमीन स्वतंत्रपणे कसणे परवडत नाही ते क्षेत्र. त्याहून लहान तो ‘तुकडा’. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरले. २०२५ मध्ये निवासी भागांसाठी त्यातून सूट देण्याची घोषणा झाली. नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांना हा कायदा का आला आणि तो का मोडला जातो, दोन्ही समजते. कारखाने आले, खोल्यांची गरज वाढली, गुंठा-दोन गुंठे विकले गेले. एका सातबाऱ्यावर डझनावारी नावे चढली. भांडणे जमिनीच्या मालकीवरून कमी आणि वाटेवरून जास्त झाली. कागदावर गुंठा असतो, पण तिथे जायला रस्ता दुसऱ्याच्या गुंठ्यातून असतो.

पानालाही प्रमाणभूत क्षेत्र असते असे मला वाटते. ते शब्दांत मोजता येत नाही. पान वाचून वाचक जे काम करणार आहे ते सुरक्षितपणे पार पडायला जेवढे लागते, तेवढे. माझे ‘सर्व्हर कसा बदलावा’ हे पान त्या मापाखाली गेले होते. तांत्रिक लेखनातला पंथ याच्या उलट शिकवतो. आयबीएममध्ये जन्मलेली आणि २००५ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेली ‘डिटा’ पद्धत विषयाचा लहानात लहान स्वतंत्र घटक करायला सांगते. पुनरुक्ती हा तिथे दोष. तिची बाजूही मांडली पाहिजे: एकदा लिहिलेली सूचना अनेक पानांत आपोआप उमटवण्याची सोय याच पद्धतीत आहे. मी ती सोय वापरली नाही, कारण पाने देखणी आणि आखूड दिसावीत असे मला वाटत होते. मार्क बेकर यांनी २०१३ मधल्या आपल्या पुस्तकाच्या नावातच म्हटले आहे की प्रत्येक पान हे पहिले पान असते. मला ते वाक्य ठाऊक होते. ठाऊक असणे आणि कात्री हातात असताना आठवणे वेगळे.

सातबाऱ्याने या बाबतीत एक चांगली सुधारणा केली आहे. २०२० मध्ये त्याचा नमुना बदलला तेव्हा प्रलंबित फेरफार सातबाऱ्यावरच दिसू लागला. जमीन घ्यायला आलेला माणूस सातबारा पाहतो, फेरफाराची नोंदवही नाही. म्हणून ‘इथे काहीतरी चालू आहे, थांबा’ ही सूचना तो उभा आहे तिथे आणली. त्याच वेळी जुने फेरफार क्रमांक एका वेगळ्या रकान्यात गोळा झाले. कागद सुटसुटीत झाला हे खरे. पण कोणत्या क्रमांकाने कोणते नाव गेले हे लावायला आता एकेक फेरफार काढून बसावे लागते. एकाच सुधारणेत वाचकाचे एक काम हलके झाले आणि दुसरे जड.

अजून एक गोष्ट कोणत्याच नमुन्यात बसत नाही. हक्कसोडीचा फेरफार पाहिल्यावर मी आत्याला विचारले, “तू सही का केलीस?” ती म्हणाली, “दिवाळीला भावाच्या दारात यायचं होतं मला.” सातबारा सांगतो कोण आहे, फेरफार सांगतो कसे झाले. हे तिसरे तिलाच विचारावे लागले.

आमच्या गावाच्या नावाने जग ज्या स्तंभाला ओळखते त्याचेही तसेच आहे. तो कोरेगावात नाही; भीमेच्या पलीकडे हवेली तालुक्यात, पेरण्याच्या हद्दीत आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने आपल्या सैन्याच्या पराक्रमाची नोंद म्हणून तो उभारला, मेलेल्यांची नावे कोरली. त्यांत ‘नाक’ने संपणारी महार सैनिकांची नावे आहेत. दगडावर एवढेच आहे. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले आणि त्या नावांचे वाचन बदलले. आज दर वर्षी लाखो लोक ज्या कारणासाठी येतात ते दगडावर लिहिलेले नाही आणि लिहायची गरजही पडली नाही, कारण ते येणारे लोकच ते कारण सोबत आणतात. नोंद तुटक असली तरी तिचा अर्थ सांभाळणारी माणसे तिथे उभी असतात.

इथे माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गाव नमुने तुकड्यांत चालले, कारण तलाठी होता, चुलते होते, आत्या होती. तुकडे जोडण्याचे काम माणसे करत होती. त्याची किंमतही होती: माणूस अडवू शकतो, टाळू शकतो, पैसे मागू शकतो. ब्लॉकचेनचे वचन असे की अशा मधल्या माणसावर विश्वास ठेवायची गरज राहणार नाही. ते वचन खरे मानायचे तर तो माणूस तोंडी जे सांगत होता ते सगळे आता पानाने सांगितले पाहिजे. जिथे विचारायला कुणी नाही तिथे पान अपुरे ठेवणे म्हणजे वाचकाला एकटे सोडणे. २०२२ मध्ये गडचिरोलीतील एटापल्लीसाठी ६५ हजार जात प्रमाणपत्रांची पडताळणी पॉलिगॉनवर आणण्याचा उपक्रम जाहीर झाला. अशा व्यवस्थेत साखळीवर असतो तो कागदाचा ठसा. कागद बदललेला नाही एवढेच तो सांगतो. कोड स्कॅन करून ‘जुळत नाही’ असे आले तर पुढे काय करायचे, हे सांगणारे पान एटापल्लीतल्या मुलासाठी कुणीतरी त्याच्या भाषेत, एकाच ठिकाणी, पूर्ण लिहिले पाहिजे. त्या मुलाला हॅश, बोर, हेमडॉल अशा तीन मॉड्यूलांत फिरवणे हे काही त्याचे उत्तर नव्हे.

दंडानंतर मी ती डॉक्स पुन्हा हाती घेतली. सगळे मॉड्यूल मोडून मजकूर अखंड केला नाही. ते मूर्खपणाचे झाले असते. दुहेरी सहीची सूचना मात्र सात पानांवर लिहिली, प्रत्येक ठिकाणी पहिल्या पायरीच्या वर, लिंक न देता, पूर्ण वाक्यांत. तपासणाऱ्या सहकाऱ्याने शेरा मारला: पुनरुक्ती, एकदाच ठेवा. मी शेरा वाचला आणि सातही ठिकाणी ती सूचना तशीच ठेवली. मग त्या माणसाला पत्र लिहिले: तुम्ही विचारलेली गोष्ट आता तुम्ही उघडले होते त्याच पानावर आहे. त्याचे पैसे त्यामुळे परत येणार नव्हते. हेही मी पत्रात लिहिले.